सगळं नीट चाललंय पण आयुष्याला उद्देश नाही असं वाटतं, मग जॉब सोडून सहा महिने गॅप घेऊ का?

प्रश्न विचारणाऱ्यांनी बरंच सविस्तर लिहिलंय, आधी त्याचा सारांश देते. वय ३४, हिंजवडीत आयटीत, वाकडला टू बीएचके, हप्ते चालू, बायकोचीही नोकरी, चार वर्षांची मुलगी. भांडण नाही, आजारपण नाही, पैशाची ओढाताण नाही. तरी दीड-दोन वर्षांपासून सकाळी लॅपटॉप उघडताना "हे सगळं कशासाठी" असं मनात येतं. त्यांनी ऑनलाइन टेस्ट देऊन पाहिल्या, इकिगाई, म्हणजे जगण्याचं कारण, या जपानी कल्पनेची चार वर्तुळं भरून पाहिली, विपश्यनेचाही विचार करून झाला. आता वाटतंय की नोकरी सोडून सहा महिने शांत बसलो तर आपला उद्देश सापडेल. घरी अजून कुणाला बोललेले नाहीत.

मी पुण्यात समुपदेशनाचं काम करते, बरीच वर्षं करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे आठवड्याला एकदा तरी येतोच. वय बदलतं, पेठ बदलते, प्रश्न तोच. कधी बाणेर-खराडीचा आयटीवाला असतो, कधी सदाशिव पेठेतला एमपीएससीची वयोमर्यादा ओलांडलेला मुलगा, कधी व्हीआरएस घेतलेले बँकेतले काका, कधी मुलगा अमेरिकेला गेल्यावर रिकाम्या फ्लॅटमध्ये बसलेली आई. म्हणून जरा सविस्तरच लिहिते, घाईत दोन ओळी लिहून संपवण्यासारखा हा विषय नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा, कारण ती तपासल्याशिवाय पुढचं काहीच बोलण्यात अर्थ नाही. तुम्हाला आयुष्यात अर्थ वाटत नाहीये की कशातच रस उरलेला नाहीये? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं पण आतून फार फरक असतो. तुमची मुलगी संध्याकाळी दारात पळत येऊन पायाला मिठी मारते तेव्हा आत काहीतरी हलतं का? आवडीची मिसळ समोर आली, जुना मित्र भेटला, पहिल्या पावसात सिंहगडावर गेलात, तेव्हा तेवढा वेळ तरी बरं वाटतं का? वाटत असेल तर पुढचं उत्तर तुमच्यासाठी आहे. पण तेही सगळं बेचव झालं असेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप लागत नसेल, भूक बदलली असेल, साध्या मेलला उत्तर द्यायला दोन तास लागत असतील आणि हे दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळजवळ रोज चालू असेल, तर तुमचा प्रश्न बहुतेक डिप्रेशनचा आहे, उद्देशाचा नाही. डिप्रेशनमध्ये माणसाला आयुष्य निरर्थक वाटतंच, तो त्या आजाराचाच भाग आहे, आणि त्या अवस्थेत उद्देश शोधायला बसलं की प्रत्येक पर्यायावर मन फुली मारत जातं. पीएचक्यू-नाइन नावाची नऊ प्रश्नांची साधी चाचणी असते, फॅमिली डॉक्टरही करून घेऊ शकतात. त्यांना सांगून थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या, आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व्ह कमी असणं अगदी कॉमन आहे आणि त्याने थकवा, उदासपणा, लक्ष न लागणं हे सगळं होऊ शकतं. आणि मरणाचे विचार येत असतील तर हे वाचणं इथेच थांबवा आणि १४४१६ ला फोन करा, ती सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं.

आता धरून चालते की डिप्रेशन नाहीये.

तुमच्या मनात एक चित्र आहे आणि तुमच्या पिढीतल्या बहुतेकांच्या मनात तेच असतं. म्हणजे माझा म्हणून एक उद्देश कुठेतरी आत आधीपासून तयार आहे, त्यावर ऑफिसच्या कामाची, घराची, लोकांच्या अपेक्षांची धूळ बसलीये, मी शांत बसलो, पुरेसा विचार केला की ती झटकली जाईल आणि तो दिसेल, आणि दिसला की लगेच ओळखू येईल. मी इतकी वर्षं लोकांशी बोलतेय, असं झालेलं मी जवळपास पाहिलेलंच नाही. ज्यांच्या आयुष्यात आज उद्देश आहे त्यांना तो आधी दिसला आणि मग ते कामाला लागले असं क्वचित घडतं. ते कशात तरी पडले, बऱ्याचदा अपघाताने, कुणीतरी बोलावलं म्हणून, घरात काहीतरी घडलं म्हणून, मग तिथे टिकले, आणि टिकता टिकता ते त्यांचं झालं.

यावर संशोधनही आहे. २०१८ मध्ये ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर काही प्रयोग केले. त्यातल्या एकात मुलांना कृष्णविवरांबद्दलचा एक सोपा, सुंदर व्हिडिओ दाखवला, बहुतेकांना तो भारी वाटला. मग त्याच विषयावरचा अवघड शास्त्रीय लेख वाचायला दिला. ज्यांना वाटत होतं की आवड आत आधीच ठरलेली असते, फक्त शोधायची असते, त्यांचा उत्साह लेख अवघड लागल्याबरोबर जास्त घसरला. ज्यांना वाटत होतं की आवड हळूहळू घडवावी लागते त्यांचा तितका घसरला नाही. तुम्ही लिहिलंय ना की गिटारचा क्लास लावला, दोन महिन्यांत सोडला, मग फोटोग्राफी, मग शेअर मार्केटचा कोर्स, "काहीच क्लिक होत नाही". क्लिक होण्याची वाट बघणं हीच अडचण आहे हो. जे काही मोलाचं असतं ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कंटाळवाणं होतंच, तिथे "हे माझं नाही" असा निकाल लावून बाहेर पडलात तर कुठलीच गोष्ट तुमची व्हायला वेळ मिळत नाही.

त्या चार वर्तुळांबद्दलही बोलायला हवं कारण माझ्याकडे येणारे निम्मे लोक तो कागद भरून आणतात आणि मधली जागा रिकामी राहिली म्हणून अजून खचलेले असतात. जे आवडतं, जे जमतं, जगाला जे हवंय आणि ज्याचे पैसे मिळतात, या चारही गोष्टी जिथे एकत्र येतात तो तुमचा इकिगाई, असं ते चित्र सांगतं. ते चित्र जपानी परंपरेतलं नाही. २०१४ मध्ये मार्क विन नावाच्या एका इंग्रजी लेखकाने उद्देशावरचं आधीचं एक आकृतिचित्र उचललं आणि त्याच्या मध्यभागी इकिगाई लिहिलं, तिथून ते जगभर पसरलं. जपानमध्ये या विषयावर नीट पहिला अभ्यास मांडला तो मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी, १९६६ मध्ये, आणि त्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काम करायच्या. समाजाने बेटावर नेऊन ठेवलेली माणसं, घर तुटलेलं, कमाई नाही, बाहेर पडायची सोय नाही. तशा जागीही काही जणांना सकाळी उठावंसं का वाटतं आणि काही जणांना का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. तिथे "ज्याचे पैसे मिळतात" या वर्तुळाचं काय करणार? म्हणून म्हणते तो कागद फाडून टाका. एकाच गोष्टीतून आवड, कौशल्य, समाजकार्य आणि ईएमआय सगळं निघालं पाहिजे ही अट फार जाचक आहे, ती पूर्ण होणारी माणसं थोडी असतात आणि बाकीच्यांना उगाच आपण कमी पडलो असं वाटत राहतं.

तुम्ही रोज नाही तरी महिन्यातून एकदा कर्वे रोडने जात असाल, कर्वेनगरवरूनही गेला असाल. ज्यांच्या नावाचा तो रस्ता आहे त्यांचं आयुष्य जरा तारखांसकट बघा, कारण "उद्देश" म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर अशीच मोठी माणसं येतात आणि आपण समजतो की त्यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं. धोंडो केशव कर्वे १८५८ चे, कोकणातल्या मुरूडचे. मॅट्रिक झाले तेविसाव्या वर्षी. पुढे गणितात बीए, मुंबईत शिकवण्या आणि शाळेतली नोकरी. १८९१ मध्ये, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाचे असताना, त्यांची पहिली पत्नी राधाबाई गेल्या आणि त्याच वर्षी ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला पुण्याला आले. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, एवढं त्यांनी ठरवलं. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी लग्न केलं, त्याच पुढे आनंदीबाई झाल्या. मुरूडला गावाने बहिष्कार घातला. तोपर्यंत त्यांच्या डोक्यात विद्यापीठ वगैरे काही नव्हतं. एक स्वतःच्या घरातला निर्णय होता, तो निभावताना पुढची अडचण दिसली की नुसत्या पुनर्विवाहाने होणार नाही, विधवांना शिकून स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे. म्हणून १८९६ मध्ये आश्रम. प्लेगच्या दिवसांत तो शहरात ठेवणं कठीण, म्हणून १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर एक झोपडी. कॉलेजात गणित शिकवायचं आणि मग पायी हिंगण्याला जायचं, सुट्टीत वर्गणी मागत फिरायचं. मग लक्षात आलं की लग्न न झालेल्या मुलींच्या शिक्षणाचं काय, म्हणून १९०७ चं महिला विद्यालय. मग जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका हातात पडली, त्यातून १९१६ चं महिला विद्यापीठ. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. आणि ७८ व्या वर्षी, १९३६ मध्ये, खेड्यातल्या प्राथमिक शिक्षणासाठी परत नवीन संस्था काढली.

यात मला तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. आश्रम १८९६ चा आणि फर्ग्युसनमधली नोकरी त्यांनी सोडली १९१४ मध्ये, म्हणजे १८ वर्षं नोकरी आणि काम दोन्ही शेजारी शेजारी चाललं. उद्देशासाठी नोकरी सोडली नाही, नोकरीने चूल पेटत ठेवली म्हणून उद्देशाला वाढायला सवड मिळाली. तुम्हाला काही महर्षी व्हायचं नाहीये आणि मीही तसं म्हणत नाहीये. पण क्रम बघा. आधी एक दुखरी गोष्ट, अगदी जवळची, मग एक छोटा निर्णय, मग त्यात टिकणं, आणि टिकल्यामुळे पुढचं दिसणं. शेवटची पायरी पहिल्या पायरीवरून दिसत नव्हती, त्यांनाही.

त्यामुळे तुम्हाला काय आवडतं हा प्रश्न मी सुरुवातीला विचारतच नाही. आवडीवर आपल्याला इतक्या जाहिरातींनी शिकवून ठेवलंय की उत्तर साधारण ट्रॅव्हल, म्युझिक, फूड असंच येतं. त्याऐवजी हे बघा की तुम्हाला काय खुपतं. बातमी वाचताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सिग्नलला उभं असताना असं काय दिसतं की जे बाकीच्यांना चालतं पण तुम्हाला चालत नाही, घरी आल्यावरही डोक्यात राहतं? एकाला टेकडीवर वणवा लावलेला सहन होत नाही. एकीला हॉस्पिटलच्या व्हरांड्यात जमिनीवर झोपलेले गावाकडचे नातेवाईक बघवत नाहीत. एकाला, तो तुमच्यासारखाच आयटीतला, इंग्रजी येत नाही म्हणून मीटिंगमध्ये गप्प बसणारी लातूर-नांदेडकडची हुशार पोरं बघून पोटात तुटायचं, कारण दहा वर्षांपूर्वी तो स्वतः तसाच बसायचा. बहुतेक वेळा जे खुपतं ते आपल्याच कुठल्या तरी जुन्या दुखण्याजवळचं असतं. हे शोधायला सहा महिने लागत नाहीत, एक वही आणि तीन-चार आठवडे पुरतात. रोज रात्री दोन ओळी लिहा, आज काय खुपलं आणि आज कुठे वेळेचं भान राहिलं नाही. एवढंच. त्यावर लगेच निष्कर्ष काढू नका.

मग त्यातलं एक उचला, सगळ्यात मोठं नको, सगळ्यात जवळचं उचला आणि आठवड्यातले दोन तास त्याला द्या. ठरलेला वार, ठरलेली वेळ. आणि इथे माझी एक अट असते ती मी सगळ्यांना घालते: तुम्ही गेला नाहीत तर कुणाचं तरी अडलं पाहिजे. डोनेशन देऊन हे होत नाही, मॅरेथॉन पळूनही होत नाही, ते चांगलंच आहे पण तिथे तुमची कुणी वाट बघत नाही. पुण्यात अशी कामं भरपूर आहेत. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक लागतात, आणि परीक्षेच्या सीझनला ते मिळता मिळत नाहीत, वाचून दाखवणारेही हवे असतात. लेखनिकाच्या शिक्षणाबद्दल परीक्षेप्रमाणे नियम असतात ते आधी विचारून घ्या. टेकड्यांवर पावसाळ्यात झाडं लावायला गर्दी होते, फोटो काढले जातात, पण एप्रिल-मेमध्ये त्याच झाडांना कॅन भरून पाणी घालायला मोजकी माणसं उरतात, तिथे जा. वस्तीतल्या अभ्यासिकांमध्ये आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवणारा कुणीतरी हवाच असतो. तेही लांब वाटत असेल तर तुमच्याच सोसायटीत एकटे राहणारे आजी-आजोबा असतील, मुलं परदेशात, दर गुरुवारी त्यांची बँकेची, मोबाइलची, औषधांची कामं करून द्या.

का म्हणून ही अट, तर उद्देश ही गोष्ट बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या डोळ्यांतून कळते. विल्यम डेमन हे स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ तरुणांमधल्या उद्देशावर बरीच वर्षं काम करतायत, त्यांच्या व्याख्येतही दोन्ही बाजू आहेत, स्वतःला मोलाचं वाटलं पाहिजे आणि स्वतःच्या पलीकडच्या जगालाही त्याचा उपयोग झाला पाहिजे. नुसती पहिली बाजू घेऊन बसलं की छंद होतो, नुसती दुसरी घेतली की ओझं होतं. आषाढी वारीत दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेत जाऊन बघा कधी. न्हावी वारकऱ्यांची फुकट दाढी-कटिंग करत असतात, चपला शिवून देणारे बसलेले असतात, कुणी दिवसभर चालून आलेल्यांचे पाय चेपत असतं. प्रत्येक जण आपल्याला जे येतं तेच करत असतो, वेगळं काही शिकून आलेला नसतो. वारकरी संतांचंही तेच, सावता माळी मळ्यातच राहिले, गोरोबा काका मडकीच घडवत राहिले, कुणी धंदा सोडून उद्देश शोधायला गेलं नाही. तुम्हाला सॉफ्टवेअर येतं, लोकांशी बोलता येतं, एक्सेल येतं. एखाद्या छोट्या संस्थेचा हिशोब अजून वह्यांत असतो हो, तिथे एक नीट शीट बनवून देणारा माणूस म्हणजे फार मोठी गोष्ट असते.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मराठवाड्यातला मुलगा, स्पर्धा परीक्षेसाठी पाच-सहा वर्षं नवी पेठेत खोली, मेसचा डबा, अभ्यासिका. दोनदा मेन्सपर्यंत, एकदा इंटरव्ह्यू, पोस्ट नाही. वय निघून गेलं. माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, मॅडम माझा उद्देशच गेला, आता मी कोण. त्याच्याशी बोलताना कळलं की अभ्यासिकेत रात्री दहानंतर नवीन पोरं याच्याकडे पॉलिटी, म्हणजे राज्यव्यवस्थेचा विषय, समजून घ्यायला बसायची, हा तास-तास शिकवायचा आणि त्याला तो टाइमपास वाटायचा, अभ्यास बुडाल्याची टोचणी लागायची. पोस्ट गेली, पण सरकारची यंत्रणा साध्या माणसाला समजावून सांगण्यातलं त्याचं सुख कुठे गेलं होतं? आज तो गावाकडे आहे, शेती आणि एक सेतू केंद्र बघतो, लोकांना फॉर्म भरून देतो, अपील कसं करायचं सांगतो. सगळं गोड झालं असं म्हणत नाही, कलेक्टर न झाल्याचं दुःख अजून आहे आणि राहील, घरच्यांचे टोमणेही आहेत. पण सकाळी शटर उघडायचं कारण आहे.

आता नोकरीबद्दल. एमी रेझनेव्स्की या संशोधक बाईंनी १९९७ मध्ये लोक आपल्या कामाकडे कसं बघतात याचा अभ्यास केला, कुणी नुसती पोटासाठीची नोकरी म्हणून, कुणी वर चढायची शिडी म्हणून, कुणी आपलं जीवनकार्य म्हणून. त्यात गंमत अशी निघाली की अगदी एकाच प्रकारचं ऑफिसातलं मदतनिसाचं काम करणाऱ्यांमध्येही हे तिन्ही गट साधारण सारखेच सापडले. म्हणजे हुद्द्यावरून ठरत नाही. पुढे त्यांनी हॉस्पिटलमधल्या सफाई कामगारांशीही बोलून पाहिलं, काही जण फक्त फरशी पुसत होते, आणि काही जण तीच फरशी पुसताना पेशंटशी बोलत होते, नातेवाइकांना वाट दाखवत होते, आणि स्वतःला पेशंट बरा करणाऱ्यांपैकीच एक समजत होते. तुमच्या कामात असा कोपरा आहे का ते सोडण्याआधी बघा. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या पानात एकच ओळ जिवंत वाटली मला, "फ्रेशर्सचं ट्रेनिंग असतं तेव्हा दिवस बरा जातो". ती ओळ तुम्ही अशीच लिहून पुढे गेलात. मॅनेजरशी बोलून ते काम वाढवून घेता येईल का?

सहा महिन्यांच्या गॅपबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आत्ता नको. ज्यांनी घेतली त्यातल्या बऱ्याच जणांना मी भेटलेय. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे छान जातात, झोप पूर्ण होते. मग दिवसाचा आकार जातो, उशिरा उठणं, मोबाइल, नातेवाइकांचे "मग पुढे काय" वाले फोन, हप्त्याची तारीख, आणि रिकाम्या डोक्यात तोच प्रश्न दिवसभर. शोधत राहणं आणि अर्थ सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मायकेल स्टेगर यांनी २००६ मध्ये जी दहा प्रश्नांची प्रश्नावली बनवली त्यातही त्या वेगवेगळ्याच मोजतात, पाच प्रश्न एकीसाठी पाच दुसरीसाठी, आणि खूप शोधणाऱ्याला जास्त अर्थ वाटतो असं काही नसतं. हां, ऑफिसात अपमान होत असेल, मनाला न पटणारं काही करायला लावत असतील, तब्येत ढासळत असेल तर नोकरी बदला, जरूर बदला, पण तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याला उद्देशाचं नाव देऊ नका.

एक धोक्याचीही गोष्ट सांगायला हवी. काही माणसं, जास्त करून पुरुष, उद्देश सापडला म्हणून घरातून पळतात. शनिवार-रविवार संस्था, ट्रेक, शिबिरं, आणि घरात बायको एकटी मुलांचा अभ्यास, सासूबाईंचं पथ्य, स्वयंपाक सगळं ओढतेय. बाहेर सगळे ग्रेट म्हणतात आणि मग ती बाई माझ्याकडे येते, तिला तर तक्रार करायचीही लाज वाटत असते कारण नवरा चांगलंच काम करतोय ना. तुमच्या दोन तासांची किंमत कोण देतंय हे आधी बघा. तेवढेच दोन तास तिलाही तिच्या स्वतःच्या गोष्टीसाठी मिळाले पाहिजेत, हे मी अटीसारखं सांगतेय.

आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांकडे वाकडचा फ्लॅट आणि मोकळा शनिवार नसतो हे मला माहीत आहे. कोथरूडमध्ये एक ताई आहेत, आईला डिमेन्शिया, नोकरी सोडावी लागली, दिवस म्हणजे आईला भरवणं, कपडे बदलणं, तोच प्रश्न वीस वेळा ऐकणं. त्या विचारतात माझ्या आयुष्याचं काय. त्यांना मी अंध विद्यार्थ्यांकडे जा म्हणून कसं सांगू? व्हिक्टर फ्रँकल, व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ, १९४२ ते १९४५ नाझींच्या छळछावण्यांत राहिले, आईवडील, पत्नी गमावली. त्यांनी अर्थाकडे जाणाऱ्या तीन वाटा मांडल्या, काही निर्माण करणं किंवा काम करणं, कुणावर प्रेम करणं किंवा काही सुंदर अनुभवणं, आणि जे टाळताच येत नाही अशा दुःखाला आपण कसं सामोरं जातो ते. पण त्याच फ्रँकलनी हेही बजावलं होतं की जे दुःख टाळता येण्यासारखं आहे ते आधी दूर करा, उगाच सोसण्यात मोठेपणा नाही. म्हणून त्या ताईंच्या बाबतीत आमचं पहिलं काम उद्देशाचं नव्हतंच, भावाकडून महिन्याला पैसे आणि आठवड्याला चार तास सुट्टी मिळवणं हे होतं. भाऊ बरेच दिवस टाळाटाळ करत होता, शेवटी तयार झाला. आता त्या चार तासांत त्या काही महान करत नाहीत, बालगंधर्वला नाटकाला जातात नाहीतर मैत्रिणीकडे झोपतात. ते बरोबरच आहे.

पन्नाशी-साठीच्या वाचकांसाठी एवढंच की आता काय उपयोग असं म्हणू नका. शिकागोमध्ये पॅट्रिशिया बॉइल आणि सहकाऱ्यांनी वृद्धांचा काही वर्षं पाठपुरावा केला, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्यांच्या आयुष्यात उद्देशाची भावना बरीच जास्त होती ते अल्झायमरपासून मुक्त राहण्याची शक्यता, कमी असणाऱ्यांच्या तुलनेत साधारण २.४ पट निघाली. उद्देशामुळेच तसं झालं असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

परत तुमच्याकडे येते. तीन महिने हे करा, वही, दोन तास, ट्रेनिंगचं बोलणं. सोशल मीडियावर जाहीर करू नका, टाळ्या आधी मिळाल्या की काम तिथेच थांबतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात कंटाळा येईल, शनिवारी पाऊस असेल, तुम्ही शिकवत असाल त्या मुलाने गृहपाठ केलेला नसेल, तुम्हाला वाटेल हे पण माझं नाही. तेव्हा जा. तीन महिन्यांनंतरही काहीच वाटलं नाही तर बदला, त्यात अपयश नाही, पण तिसऱ्या आठवड्यात बदलू नका. आणि तेव्हाही आतून सगळं बधिरच असेल तर समोरासमोर कुणाला तरी भेटा, समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ, ज्यांच्याशी सूर जुळेल ते.

बायकोला मात्र तीन महिने थांबून सांगू नका, याच आठवड्यात सांगा. "मला जॉब सोडायचाय" इथून सुरुवात केलीत तर ती घाबरेल आणि बोलणं हप्त्यांवर जाईल, त्यात तिची काही चूक नाही. मुलगी झोपल्यावर, मोबाइल बाजूला ठेवून एवढंच सांगा की दीड-दोन वर्षं मला आतून रिकामं वाटतंय, तुझ्यामुळे नाही, मला तुला आत्ता काही निर्णय विचारायचा नाहीये, फक्त तुला माहीत असावं. आणि मग तिलाही विचारा की तिला कसं वाटतंय. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात तिच्याबद्दल एकच माहिती आहे, की तीही नोकरी करते. तिच्या मनात हाच प्रश्न नसेल कशावरून?